बघून येऊ, मग ठरवू

घरातलं जे माणूस तुमच्या प्रत्येक मताला आडवं गेलं, ते गेल्यावर तुम्ही आपली मतं कुणावर घासून पाहता?

मी हे उगाच विचारत नाही. आमचे तात्या जाऊन अजून महिना झालेला नाही. गेल्या आठवड्यात हुंड्याविरुद्ध एक पत्रक लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीवर थांबले. ती ओळ ऐकून 'हे कोन म्हनतं?' असं विचारणारं घरात कुणी उरलेलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, माझं सगळंच लिखाण चांगलं म्हणतात. त्याचा काय उपयोग? म्हणून ते पत्रक बाजूला ठेवलं आहे आणि आज तात्यांशीच बोलते आहे. तुम्ही ऐकत राहा.

तात्या, तुम्ही अण्णांचे थोरले भाऊ. शेत तुम्ही बघायचात आणि घरातला शेवटचा शब्दही तुमचाच असायचा. अण्णा ओतूरच्या बाजारात पत्रकं वाटायचे. धरणाखाली जमिनी गेलेल्यांची, अंगात आणणाऱ्या बुवांची, बालविवाहांची. उरलेले गठ्ठे आपल्या माळ्यावर पडायचे. अंकलिपी हातात यायच्या आधी मी त्या पत्रकांवरची जाड अक्षरं गिरवली. आणि तुम्ही त्याच कागदांच्या पुड्या करून त्यांत कांद्याचं बी बांधून ठेवायचात. अण्णा चिडले की तुम्ही म्हणायचात, "आरं, तुझं पत्रक वावरापतुर तरी पोचलं."

मला तेव्हाही याचा राग यायचा. आजही हसू आधी येतं आणि राग मागून.

ओतूरच्या कॉलेजातून मी बी. ए. झाले आणि पुण्याच्या विद्यापीठात एम. ए.ला प्रवेश मिळाला. म्हणजे हॉस्टेलला राहणं आलं. तुम्ही कांद्याच्या चाळीतून बाहेर आलात, हात झटकलेत आणि म्हणालात, "न्हाई." कारण दिलं नाहीत. मी तुम्हाला राज्यघटना ऐकवली. मी सज्ञान आहे, शिकणं हा माझा हक्क आहे, त्यासाठी कुणाची परवानगी मागायची गरज नाही, असं सगळं एका दमात बोलले. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत आणि जेवायला बसलात. साऱ्या तालुक्याला शहाणपण वाटणारे अण्णा थोरल्या भावापुढं ताटात बघत राहिले. तो प्रकार मी अण्णांना अजून माफ केलेला नाही, पण तो हिशेब त्यांचा आणि माझा.

चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तुम्हीच काकूला म्हणालात, मी ऐकेन अशा बेतानं, "आधी बघून येऊ, मग ठरवू."

घरात सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. सोयरीक जुळवायच्या आधी मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात, तसं हे बघणं होतं. त्या कामात तुमचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. भावकीतल्या पोरींची घरं बघायला तुम्हाला मुद्दाम नेत असत. तुम्ही विहिरीत डोकवायचात, गोठ्यातल्या बैलांच्या पाठी चाचपायचात आणि शेवटी त्या घरी चहा न घेता शेजारच्या घरी जाऊन पाणी मागायचात. घर कसं आहे ते घरच्याला विचारू नये, शेजाऱ्याला विचारावं, हा तुमचा नियम. तुम्ही नको म्हटलेल्या घरी कुणी मुलगी दिल्याचं मला आठवत नाही.

आता तुम्ही विद्यापीठ नावाचं स्थळ बघायला निघालात. कडक इस्त्रीचा सदरा, सोयरिकीची टोपी, हातात छत्री. काकूनं पहाटे उठून मासवड्या केल्या, भाकरी बांधल्या. तुम्ही, काकू, आई, अण्णा आणि मी, असे पाचजण यष्टीत बसलो. मला लाज वाटत होती. शिक्षणाच्या हक्काची अशी वरात निघावी याची. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनातल्या मनात यावर पत्रक लिहीत होते.

फाटकातून आत गेल्यावर तुम्ही मान वर करून झाडं बघत चालत राहिलात. एवढी झाडं आणि खाली गुरं नाहीत, याचं तुम्हाला नवल वाटत होतं. मग तुमची पारख सुरू झाली. नळ सोडून बघितलात. इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन आलात, कारण पुढून सगळीच घरं चांगली दिसतात. आणि मग, ठरल्याप्रमाणे, शेजारी शोधू लागलात.

झाडाखाली एक मुलगी आणि एक मुलगा पुस्तकं उघडून बसले होते. काकू आईच्या कानात म्हणाली, "नेपाळची दिसत्यात." तुम्ही सरळ त्यांच्याजवळ गेलात आणि खुणेनं पाणी मागितलंत. मुलगी उभी राहिली. तिनं बाटली उजव्या हातानं पुढं केली आणि डावा हात उजव्या कोपराला लावला. आपल्याकडं वडीलधाऱ्याला काही देताना लावतात, अगदी तसाच. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी दुसरीकडं बघितलं.

ती मिन्जी. कोरियाची. पाली शिकायला आली होती. बरोबरचा सुंगहो तिच्याच वर्गातला. त्या दोघांचं मराठी शून्य आणि तुमचं इंग्रजी शून्य. मी दुभाषी व्हायला पुढं सरसावले, तर तुम्ही मला हातानं थांबवलंत आणि टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांमधून शिकलेलं तुमचं हिंदी काढलंत.

"पुत्री, आपके पिताश्री क्या करते हैं?"

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण मिन्जीनं हिंदी शिकलं होतं ते पुस्तकातून, तेही असंच सोवळ्यातलं. तिला तुमचं प्रत्येक अक्षर कळलं. तिनं हात जोडून उत्तर दिलं, "मेरे पिताजी कृषक हैं। लहसुन उगाते हैं।"

त्या दिवशी आख्ख्या विद्यापीठात इतकं शुद्ध हिंदी दुसरं कुणी बोललं नसेल. लसूण म्हटल्यावर तर तुम्ही खालीच बसलात. लागण कधी, थंडी किती, काढल्यावर सुकवता कुठं, जुड्या बांधता का. तिला ठाऊक होतं ते तिनं सांगितलं, नव्हतं ते सुंगहोनं ठोकून दिलं. ती जुन्नरला लेणी बघायला येऊन गेली होती. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना माकडानं तिचं केळं पळवलं, हे ऐकून काकू अशी हसली की डबे तिथंच उघडले. मासवडी तिखट लागेल म्हणून काकू त्या दोघांच्या तोंडाकडं काळजीनं बघत बसली होती. सुंगहोनं तिसरी मागितल्यावर तिची काळजी फिरली, परतीच्या वाटेला उरेल का म्हणून.

मग तुम्ही खरा प्रश्न विचारलात. ही जागा बघायला तुझ्या घरचं कोण कोण आलं होतं?

कोणी नाही, ती म्हणाली. ती एकटीच आली होती.

तुम्ही माझ्याकडं वळलात. आवाज उतरला होता. "कुनीच न्हाई बघितलं गं? येवढ्या लांबनं पोर धाडली आन् कुनी बघाया न्हाई आलं?" मी सांगितलं की तात्या, जगात असंच असतं, सज्ञान माणसं स्वतःचं ठरवतात. तुम्ही ते कानावरही घेतलं नाहीत. छत्री उचललीत आणि म्हणालात, "चला. आता तिच्या बापाच्या वतीनं पन बघू."

त्यानंतर तुम्ही दोन मुलींसाठी विद्यापीठ बघत होतात. मिन्जीला हे कळलं तेव्हा ती तुमच्या शेजारून चालू लागली. तिच्या हॉस्टेलला उन्हाळ्यात पाणी कमी येतं, हे तुम्ही तिच्याकडून काढून घेतलंत आणि भेटेल त्या शिपायाला त्याबद्दल बोललात. त्या शिपायांचा पाण्याशी काही संबंध नव्हता. पण तुम्ही एवढ्या हक्कानं बोलत होतात की एकानं उठून 'सांगतो साहेबांना' म्हटलं.

ग्रंथालयाच्या दारात तुम्ही चपला काढल्यात. काकूनं काढल्या, आईनं काढल्या. मी म्हटलं, तात्या, हे देऊळ नाही, सरकारी इमारत आहे, लोकांच्या पैशातून बांधलेली. अण्णा तत्त्व म्हणून वहाणा घालून उभे राहिले. मिन्जी आणि सुंगहोनं मात्र काही न विचारता बूट काढून तुमच्या चपलांशेजारी ओळीत लावले. रोज बूट घालून आत जाणारी पोरं ती. म्हातारा माणूस काढतोय म्हटल्यावर त्यांना कारण लागलं नाही. रखवालदार धावत आला.

"ओ पावणं, चपला घाला, चपला. हितं काय देऊळ हाय का?"

"मंग काय हाय?" तुम्ही विचारलंत.

रखवालदार डोकं खाजवत बाजूला झाला. उत्तर मी अजून शोधते आहे. तुम्ही अनवाणी आत गेलात. वाचनाच्या दालनात मुली मान खाली घालून वाचत होत्या. एक पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. तुम्ही तिच्यापासून चार हातांवर थांबलात. तिला कुणी उठवत नाही, कुणी रागवत नाही, हे तुम्ही बघत होतात. फरशी गार होती. वर पंखे फिरत होते. मी चुळबुळ करत होते आणि तुम्ही हलत नव्हतात.

मुलींच्या हॉस्टेलच्या फाटकाच्या आत पुरुषांना सोडत नव्हते. तुम्हाला ते आवडलं. मला तिथली पाटी आवडली नाही. मुलींनी संध्याकाळी ठरल्या वेळेच्या आत परत यायचं, मुलांना मात्र तसं काही नाही. मी तिथंच फाटकावरच्या बाईंशी वाद घालायला लागले. आई माझा हात ओढत होती. तुम्ही छत्री टेकून म्हणालात, "अजून नाव लागलं न्हाई तुझं, आन् भांडाया लागली व्हय." मिन्जी तोंडावर हात धरून हसत होती.

तो वाद पुढं आम्ही मुलींनी थोडासा जिंकला. तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

परतीच्या यष्टीत तुम्ही डोळे मिटून बसलात. नारायणगाव मागं पडलं तरी ते उघडले नाहीत. माझं सगळं पुढचं आयुष्य तुमच्या त्या मिटलेल्या डोळ्यांत अडकून पडलं होतं, आणि याचाच मला सर्वांत जास्त संताप होता. मग तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "गाद्या तिथं मिळत्यात, का घरनं न्यायच्या?"

"म्हणजे हो का?" मी विचारलं.

"मी गादीचं इचारलं."

मी विद्यापीठात गेले. गादी तुम्ही पिंजून आणलीत. पण तात्या, त्या होकारावर मी समाधानी नव्हते आणि ते मी तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं. माझं म्हणणं असं, की तुम्ही चुकीच्या कारणासाठी हो म्हणालात. एक परकी मुलगी कोपराला हात लावून पाणी देते, बूट काढते, वडीलधाऱ्यांशी नम्रपणे बोलते, म्हणून तुमचा विश्वास बसला. ती उद्धट असती तर? तर माझं शिक्षण थांबलं असतं? मुलीचा हक्क तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या चांगल्या वळणावर टांगलेला नसावा. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "बरोबर हाय तुझं," आणि कांदे निवडत राहायचात. ते 'बरोबर' कधीच खरं नसायचं.

तुम्ही काय करत होतात ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. विभागातून बाहेर पडले तर ग्रंथालयाच्या पायरीवर तुम्ही बसलेले, शेजारी एक अनोळखी माणूस, दोघंही अनवाणी. "हे पावणं आणे गावचं," तुम्ही म्हणालात. "यांच्या पोरीला हितं यायचंय. म्हनलं बघून जाऊ." तो माणूस भेदरून इकडं तिकडं बघत होता. तुम्ही त्याला नळ दाखवलात, झोपलेल्या मुली दाखवल्यात, मिन्जीकडं पाणी मागायला लावलंत. तिनंही न चुकता हात कोपराला लावला. आता तिला माहीत होतं, इथं तिच्याकडं शेजारीण म्हणून बघतात ते. ती शिक्षण संपवून आपल्या देशी गेल्यावरही तुमच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा बाप तुमच्याबरोबर यष्टीत असायचा. समजावून तुम्ही काहीच सांगत नव्हतात. शेजारी बसून शेतीचं बोलायचात, एवढंच.

त्याच सुमारास मी पत्रक काढलं, मुलींच्या शिक्षणावर. माझं पहिलं. तुम्ही चष्मा लावून ओट्यावर बसून पूर्ण वाचलंत. "लई चांगलं लिवलंय," म्हणालात. "पर ज्यानं पोरगी धाडायची तो हे वाचत न्हाई, आन् जो वाचतो त्याची पोरगी कवाच गेलीया."

मी म्हटलं, बापाला हात धरून न्यावं लागतं हीच मुळात शरमेची गोष्ट आहे. हक्क म्हणजे हक्क.

"हक्क खराच हाय," तुम्ही म्हणालात. "त्या बापाला यष्टीत कोन बसवनार, तेवढं सांग."

हे भांडण आपलं राहून गेलं. मला वाटलं होतं, तुमच्याशी भांडायला अजून पुष्कळ वर्षं आहेत.

दहावा झाल्यावर दुपारी काकू डाळ निवडत बसली होती. मी उगाच तुमची तक्रार काढली, तीच जुनी, चुकीच्या कारणाची. काकूनं सूप खाली ठेवलं. तिनं सांगितलं की त्या दिवशी अण्णा आणि मी ऑफिसात हॉस्टेलची चौकशी करायला गेलो होतो, तेव्हा तुम्ही बाकावर मिन्जीशेजारी बसला होतात आणि ती घरून निघाली त्या दिवसाचं तुम्ही तिला एक विचारलंत. "आपके पिताश्री रोये थे क्या?"  मिन्जी म्हणाली, "मेरे सामने नहीं।"

 तुम्ही टोपी काढलीत, झटकलीत आणि परत घातलीत.

तुम्हाला मूल नव्हतं, तात्या. मी तुमच्या खांद्यावर बसून बाजार बघितला होता. तुमच्या त्या 'न्हाई'ला कारण का नव्हतं, ते आता कळतं आहे. पण मी तुम्हाला एवढ्यावर सोडणार नाही. मायेपोटी आलेलं 'नाही' हेही 'नाही'च असतं, दारावर पडणारी कडी तीच असते. फरक एवढाच, की तुम्ही ती कडी स्वतः उठून काढलीत, माझ्यासमोर न रडता, आणि मग दुसऱ्यांच्या दारांवरच्या काढत फिरलात. मी तुम्हाला धन्यवाद म्हटलं असतं तर तुम्ही 'गादीचं इचारलं व्हतं' म्हणाला असतात. म्हणून म्हटलं नाही. बरं केलं की वाईट, ते तुम्ही ठरवा.

आता वाचकहो, तुमच्याकडं वळते.

तळेघरच्या वरच्या वाडीतला सोमादादा दर वर्षी आमच्याकडं कांदा लागवडीला येणाऱ्या माणसांपैकी. त्याची मुलगी यमुना घोडेगावच्या कॉलेजातून बी. ए. झाली. तिला पुढं शिकायचं आहे, आणि सोमादादा अजून हो म्हणालेला नाही. भाताची आवणी, म्हणजे लावणी, सुरू व्हायच्या आत तात्या त्याला घेऊन विद्यापीठ बघायला जाणार होते. दहाव्याला तो डोंगर उतरून आला, सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि जाताना मला हळूच म्हणाला, "आता कोनासंगं जायचं?" मी म्हटलं, मी येते. त्यानं मान हलवली. "तुमी शिकलेल्या पोरी. मला पोरगी धाडलेला बाप पाहिजे, ताई."

अण्णा तसे बाप आहेत, पण ते यष्टीतच त्याला पत्रक वाचून दाखवतील. मला सोमादादाचं म्हणणं पटलेलं नाही. पण मला पटण्यासाठी यमुनेनं आणखी एक वर्ष घरी बसावं, असं मला वाटत नाही.

तेव्हा, तुम्ही मुलगी शिकायला बाहेर पाठवलेले बाप असाल, तर आवणीच्या आत एक दिवस काढा. ओतूरच्या बाजारात येऊन अण्णांना दिवस सांगा; सोमादादापर्यंत निरोप पोचेल. तो सकाळच्या गाडीनं मंचरच्या स्टँडवर उतरेल. पुण्याच्या यष्टीत त्याच्या शेजारी बसा. त्याला काही समजावू नका, माझं पत्रक तर मुळीच देऊ नका. भाताचं बोला. आणि खिडकीची जागा त्याला द्या.